पणजी : चाळीस हजारांची महानगरपालिका

पणजी शहराची लोकसंख्या किती, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि ती दोन्ही सरकारी आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे एक उत्तर ४०,०१७ असे आहे. त्याच जनगणनेप्रमाणे दुसरे उत्तर १,१४,७५९ असे आहे. पहिला आकडा पणजी महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या माणसांचा आहे. दुसरा आकडा पणजी आणि तिला लागून वाढलेल्या वस्त्या मिळून जो नागरी समूह होतो त्याचा आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. तथापि त्यांतील एकही एकट्याने पुरेसा नाही.

या गोष्टीइतकीच विलक्षण आणखी एक गोष्ट त्याच जनगणनेत आढळते. मडगाव नगरपालिकेच्या हद्दीत ८७,६५० माणसे होती. वास्को ज्या नगरपालिकेत येते त्या मुरगावची लोकसंख्या ९४,३९३ होती. ही दोन्ही शहरे पणजीच्या दुपटीहून मोठी; तरीही त्यांचा कारभार नगरपालिकेकडे, आणि महानगरपालिका मात्र पणजीत! जेथे माणसे अधिक तेथे धाकटी संस्था, आणि जेथे माणसे निम्म्याहून कमी तेथे थोरली, हे कोडे वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. पण ते उलगडू लागले की शहर म्हणजे काय, त्याची हद्द कोण आखतो आणि त्या हद्दीत कोणाची मोजदाद होते, हे सारे प्रश्न एकामागून एक पुढे येतात. हे प्रश्न केवळ पुस्तकी नाहीत. नळाला येणारे पाणी, रस्त्यावरचा कचरा, घरपट्टीचे बिल आणि गावच्या ग्रामसभेत हात वर करण्याचा हक्क या सर्वांशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

पणजीच्या दर्जाचा इतिहास एका दुसऱ्या शहराच्या ऱ्हासापासून सुरू होतो. पोर्तुगीज सत्तेची मूळ राजधानी मांडवीच्या काठी, पणजीपासून थोडे वर, आज ज्याला जुने गोवे म्हणतात तेथे होती. सोळाव्या शतकात पूर्वेकडील मोठ्या व्यापारी नगरांत तिची गणना होई. पुढे व्यापार ओसरला, रोगराईच्या साथींनी वस्ती पोखरली, आणि लोक नदीच्या मुखाकडे सरकू लागले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीतील जुन्या आदिलशाही वाड्यात आले. त्यापूर्वी सव्वाशे वर्षे, म्हणजे १६३३-३४ च्या सुमारास, पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध-पूल काउंट ऑफ लिन्यारिस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत खाजणातून बांधण्यात आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या अधिकाऱ्याने दलदल भरून काढून सरळ रस्ते आखविले आणि सरकारी इमारती उभारविल्या. आजच्या पणजीचा जो भाग नकाशावर चौकटीचौकटींचा दिसतो, त्याचा पाया त्या काळी घातला गेला.

मात्र या सर्व काळात कागदोपत्री राजधानी जुने गोवेच होती. माणसे गेली, कचेऱ्या गेल्या, घरांवर झाडे उगवली, तरी शहराचा मान तेथेच राहिला. अखेर २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला शहराचा दर्जा मिळाला आणि 'नोव्हा गोवा' म्हणजे नवे गोवे हे नाव देण्यात आले. या नव्या शहरात पणजी, रायबंदर आणि जुने गोवे ही तिन्ही ठिकाणे अंतर्भूत धरली होती. त्या दिवशी पणजीत एकही माणूस वाढला नाही. वाढला तो तिचा दर्जा. जुन्या गोव्याचा दर्जा माणसे निघून गेल्यानंतरही टिकला होता, आणि पणजीचा दर्जा माणसे पुरेशी जमण्यापूर्वीच आला. दर्जा आणि लोकसंख्या या दोन गोष्टी एकाच वेगाने चालत नाहीत, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

पोर्तुगीज अमदानीत नगरपालिकेची कल्पनाही आजच्याहून निराळी होती. प्रत्येक तालुक्याला एक 'कामारा म्युनिसिपाल' असे, आणि तिचा अधिकार केवळ शहरापुरता नसून सबंध तालुक्यावर, त्यातील खेड्यांसकट चाले. गावांत त्याखेरीज जमिनीची सामायिक व्यवस्था पाहणारी गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, ही फार जुनी संस्था होतीच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर ही घडी बदलली. १९६२ पासून खेड्यांसाठी ग्रामपंचायती आल्या; १९६८ मध्ये गोवा, दमण व दीवसाठी नगरपालिकांचा स्वतंत्र कायदा झाला आणि नगरपालिकेचा अधिकार शहरापुरता ठरला. तालुका एक असला तरी त्यात आता दोन प्रकारचे नागरिक झाले : नगरपालिकेच्या हद्दीतले आणि पंचायतीच्या हद्दीतले. तिसवाडी तालुक्यात ही जी रेषा पडली ती पुढे फार महत्त्वाची ठरली. १८४३ च्या शहरातील रायबंदर आज पणजी महानगरपालिकेत आहे. जुने गोवे मात्र ग्रामपंचायतीच्या कारभारात आहे. एके काळी राजधानी असलेले नगर आज कायद्याच्या दृष्टीने गाव आहे.

गोवा ३० मे १९८७ रोजी पूर्ण राज्य झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १ जून १९९३ पासून, राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली. तिने सर्व देशातील नागरी संस्थांचे तीन प्रकार ठरविले : गावातून शहराकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगर पंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. पण 'लहान' कशाला म्हणावे आणि 'मोठे' कशाला, यासाठी घटनेने कोणताही आकडा घातलेला नाही. लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक महसूल, शेतीव्यतिरिक्त व्यवसायांचे प्रमाण, आर्थिक महत्त्व आणि योग्य वाटतील ती इतर कारणे ध्यानी घेऊन राज्यपालांनी अधिसूचनेद्वारे ते ठरवावे, एवढेच घटना सांगते. लोकसंख्या ही त्या यादीतील पहिली बाब आहे. एकमेव बाब नव्हे.

ही मोकळीक प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने वापरली. महाराष्ट्रात महानगरपालिकेसाठी किमान तीन लाख लोकसंख्येची अट आहे, आणि नगरपरिषदांचे अ, ब, क असे वर्ग आहेत. चाळीस हजारांपर्यंत क वर्ग, त्यावर एक लाखापर्यंत ब वर्ग. पणजी महाराष्ट्रात असती तर ४०,०१७ लोकसंख्येच्या बळावर ती ब वर्गात केवळ सतरा माणसांनी चढली असती! कर्नाटकातही महानगरपालिकेसाठी तीन लाखांचीच अट आहे; वीस ते पन्नास हजारांच्या गावाला तेथे पुरसभा मिळते आणि त्यापुढे नगरसभा. साठ हजारांवर वस्ती असलेल्या निपाणीत म्हणूनच नगरसभा आहे, आणि बेळगावात महानगरपालिका आहे ती चार लाखांवरील लोकवस्तीसाठी. या मोजपट्टीने पणजीला पुरसभेवरच समाधान मानावे लागले असते.

गोव्याने मात्र २००२ मध्ये 'सिटी ऑफ पणजी कॉर्पोरेशन' या नावाचा खास एकाच शहरासाठीचा कायदा केला आणि पणजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. येथे शब्दामुळे होणारा एक गैरसमज दूर करावयास हवा. मूळ कायद्याच्या नावात 'महानगर' असा अर्थ नाही. 'शहराचे निगम' एवढाच आहे. मराठीत मात्र 'महानगरपालिका' हा शब्द रूढ असल्यामुळे तोच वापरला जातो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे उभी राहतात. घटनेच्या व्याख्येप्रमाणे महानगर क्षेत्र म्हणजे दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येचे क्षेत्र. सबंध गोव्याची लोकसंख्या २०११ मध्ये १४,५८,५४५ होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पणजीचे 'महानगरत्व' हे राजधानीपणाचे चिन्ह आहे, आकाराचे नव्हे, हे सहज पटेल.

या दर्जाने पणजीला काय मिळाले? नगराध्यक्षाच्या जागी महापौर आले. मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले. राज्यातील इतर नगरपालिकांना लागू असलेल्या कायद्याहून वेगळा कायदा मिळाला. शहराचे तीस प्रभाग झाले. सुमारे आठ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणि चाळीस हजारांची वस्ती तीस प्रभागांत वाटली तर एका नगरसेवकामागे सरासरी तेराशे-चौदाशे माणसे येतात. यात अबालवृद्ध सर्व आले. मतदार त्याहून कमी. नगरसेवक आपल्या प्रभागातील बहुतेक कुटुंबांना तोंडओळखीने ओळखू शकतो, असे भाग्य मोठ्या शहरांच्या वाट्याला येत नाही. उलटपक्षी, काही शे मतांवर महापालिकेतील जागा जिंकता येते, हीदेखील या लहानपणाचीच दुसरी बाजू होय.

आता जनगणनेकडे वळू या. जनगणनेचे खाते महानगरपालिका, नगरपालिका इत्यादी कायदेशीर नागरी संस्था असलेल्या प्रत्येक ठिकाणाला शहर मानतेच. पण त्याखेरीज, जेथे पंचायत असली तरी लोकसंख्या किमान पाच हजार आहे, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची दाटी आहे, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत आहेत, अशा गावालाही ते 'जनगणना-नगर' म्हणून शहरांत मोजते. गोव्याची ६२ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या २०११ मध्ये नागरी ठरली ती अशा गावांमुळेही. ताळगाव हे त्याचे ठळक उदाहरण. पणजीच्या सांतिनेज भागातून चालत निघालेल्या माणसाला ताळगाव कोठे सुरू झाले हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही; पण ताळगावचा कारभार ग्रामपंचायतीचा आहे. जनगणनेच्या दृष्टीने ते शहर, पंचायत राज कायद्याच्या दृष्टीने गाव आणि पणजीच्या दृष्टीने शेजार. अशा लगतच्या वस्त्या मुख्य शहराशी जोडून जो हिशेब होतो तो 'नागरी समूह'. १,१४,७५९ हा आकडा त्या हिशेबातून आला आहे.

येथेच पणजीचा दर्जा दुसऱ्यांदा विचित्र दिसतो. वीस ते पन्नास हजारांपर्यंतची शहरे जनगणनेच्या वर्गवारीत तिसऱ्या वर्गात पडतात, आणि एक लाखावरची पहिल्या वर्गात. म्हणजे महानगरपालिका असलेली पणजी स्वतः तिसऱ्या वर्गाची, आणि तिच्याभोवतीच्या पंचायती धरून होणारा समूह पहिल्या वर्गाचा! शहराला पहिल्या वर्गात नेऊन बसविणारी माणसे शहराच्या बाहेर राहतात.

काळाच्या ओघात हे अंतर वाढतच गेले आहे. १९९१ मध्ये पणजी नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ४३ हजार होती आणि नागरी समूहाची सुमारे ८५ हजार. वीस वर्षांनंतर समूह एक लाख चौदा हजारांवर गेला. शहर मात्र चाळीस हजारांवर उभे आहे. शहराच्या पोटात जागा उरली नाही हे एक कारण. एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस आल्तिनोची टेकडी आणि खाजण, अशा कोंदणात ते वसलेले. फोंतांइन्हाससारख्या भागांतील जुन्या घरांचे वारस अनेक, त्यांतील काही परदेशी. घर कोणाच्या नावे होत नाही, म्हणून ते बंद राहते. बाजारपेठेच्या रस्त्यांवर राहत्या मजल्यांची कचेरी होते, बँक होते, उपाहारगृह होते. रिकाम्या घरांच्या प्रमाणात गोवा २०११ मध्ये देशात फार वरच्या क्रमांकावर होता. नव्या संसाराला परवडेल असे घर ताळगावला किंवा नदीपलीकडे पर्वरीला मिळते. मनुष्य पणजीकर म्हणवितो, पण मोजला जातो पंचायतीत.

मोजणीची रीतच तशी आहे. २०११ ची जनगणना १ मार्च २०११ च्या ० वाजताचा क्षण प्रमाण धरून झाली. प्रत्येक माणूस तो सामान्यतः जेथे राहतो तेथे मोजला गेला. ज्यांना घर नाही त्यांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. म्हणजे जनगणना शहराचे बिऱ्हाड मोजते, वर्दळ मोजत नाही. फोंड्याहून सकाळच्या बसने येणारा कारकून, म्हापशाहून न्यायालयीन कामासाठी येणारा पक्षकार, बाजारात मासळी आणि भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, २००४ पासून दरवर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला येणारे रसिक, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-जहाजांवर जाण्यासाठी रात्री गर्दी करणारे पर्यटक, यांपैकी कोणाचाही पणजीच्या ४०,०१७ मध्ये अंतर्भाव नाही. पण हे सर्वजण रस्ता वापरतात, पाणी वापरतात आणि कचरा मागे ठेवून जातात.

आणखी एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. राजधानीची मोठी स्थानेच हळूहळू शहराच्या हद्दीबाहेर गेली आहेत. राज्याची विधानसभा पूर्वी पणजीच्या आदिलशाही वाड्यात भरे. २००० मध्ये ती पर्वरीच्या नव्या संकुलात गेली. सचिवालय पर्वरीलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी इमारतही २०२१ मध्ये पर्वरीलाच झाली. पर्वरी बार्देश तालुक्यात, मांडवीच्या उत्तर तीरावर, आणि कारभार ग्रामपंचायतींचा. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आणि वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला. 'राजधानी' हा मान पणजीचा, पण कायदे होतात पंचायतीच्या हद्दीत, निवाडे होतात पंचायतीच्या हद्दीत, आणि रुग्णालयाची वाटही पंचायतीच्याच हद्दीत जाते.

नदीच्या दोन तीरांवर पसरलेले हे शहर वस्तुतः एकच आहे, याचा कठोर दाखला ५ जुलै १९८६ रोजी मिळाला. त्या दिवशी मांडवीवरील पूल कोसळला आणि दोन्ही तीरांची रोजची रहदारी एकाएकी बेती-पणजीच्या फेरीबोटींवर येऊन पडली. नकाशावरची रेषा तालुक्यांना वेगळे करीत होती; माणसांचे पोट मात्र दोन्ही तीरांवर मिळून चालत होते. १९९२ मध्ये नवा पूल झाला आणि २०१९ मध्ये 'अटल सेतू' हा तिसरा. पूल तीन झाले, पण दोन्ही तीरांचा विचार एकत्र करणारी निवडून आलेली संस्था एकही झाली नाही.

पाण्याचेही तसेच. पणजीचे पाणी शहरात निघत नाही. ते फोंडा तालुक्यातील खांडेपार नदीवरच्या ओपा येथील केंद्रातून येते आणि त्याची व्यवस्था राज्य सरकारच्या खात्याकडे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे जलवाहिनी फुटली तेव्हा तिसवाडी आणि फोंडा या दोन्ही तालुक्यांत कित्येक दिवस पाण्याचे हाल झाले. महापौर असलेल्या राजधानीला त्या वेळी शेजारच्या गावाप्रमाणेच टँकरची वाट पाहावी लागली. संस्थेचे नाव मोठे झाले म्हणून तिच्या हातातील अधिकार आपोआप मोठे होत नाहीत, हे यावरून ध्यानी यावे.

पैशाच्या बाबतीत लोकसंख्येचा आकडा अधिकच बोलका होतो. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांसाठीच्या अनुदानाची राज्याराज्यांत वाटणी करताना २०११ च्या लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले. मोजदाद झालेले डोके हेच अनुदानाचे प्रमुख माप ठरले. दिवसा येणारे आणि संध्याकाळी जाणारे डोके त्या मापात बसत नाही. महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यवसाय-परवान्यांचे शुल्क, बाजारातील सोपो, वाहनतळाचे पैसे. यांपैकी घरपट्टी हा मोठा आधार, आणि तो भार रहिवाशांवर आणि तेथील मिळकतदारांवर. ताळगाव किंवा पर्वरीत राहणारा आणि पणजीत दिवस घालविणारा माणूस घरपट्टी आपल्या पंचायतीला देतो. त्यात त्याचा काही दोष नाही. रेषाच तशी आहे. २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत पणजीची निवड झाली; ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. अशा योजनांचा पैसा येतो आणि संपतो. त्याने उभारलेल्या कामांची देखभाल मात्र चाळीस हजारांच्या संस्थेच्या माथी कायमची राहते.

मग शेजारच्या पंचायती शहरात घालून हद्द का वाढवू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे निघतो. हैदराबादेत २००७ मध्ये बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती मूळ महापालिकेत विलीन करून बृहत् महापालिका करण्यात आली, हे उदाहरण तेथील मराठी कुटुंबांच्या अनुभवाचे आहे. परंतु पणजीच्या शेजाऱ्यांचे म्हणणेही ऐकावयास हवे. २०१८ मध्ये पणजीभोवतीची अनेक गावे नव्या नियोजन प्राधिकरणाच्या कक्षेत आणली गेली तेव्हा ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला आणि सरकारला त्यांतील अनेक गावे वगळावी लागली. शेतजमिनीवर आणि टेकडीवर उंच इमारतींना वाट मिळेल, ही त्यांची भीती होती.

या भीतीमागे एक संस्थात्मक कारणही आहे आणि ते पुष्कळदा दुर्लक्षित राहते. पंचायतीत ग्रामसभा असते. गावचा प्रत्येक मतदार तेथे बसू शकतो, सरपंचाला प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो. गोव्यातील ग्रामसभा किती जागरूक असतात हे सर्वश्रुत आहे. शहरासाठी अशी सभा घटनेने सांगितलेली नाही. प्रभाग समित्यांची जी सक्ती आहे ती तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या संस्थांना आहे. चाळीस हजारांची पणजी तर सोडाच, सबंध नागरी समूह एकत्र केला तरी तो तीन लाखांच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. तेव्हा आज जो ग्रामस्थ शहरात सामील होईल तो घरपट्टी अधिक देईल, आणि ज्या सभेत त्याला बोलता येत होते ती सभा गमावील. असा सौदा त्याने आनंदाने का करावा?

यावर उपाय नाही असे नाही. हद्द न हलविताही काही कामे एकत्र करता येतात. जिल्ह्यातील पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजनांचा मेळ घालण्यासाठी घटनेनेच जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आहे. पाणी, कचरा, वाहतूक आणि मोकळ्या जागा यांचा दोन्ही तीरांसाठी एकत्र विचार करण्याचे काम तिच्याकडून घेता येईल. पणजीत रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांची वेगळी मोजणी करून अनुदानाच्या वेळी तिला काही वजन देता येईल. आणि उद्या हद्दवाढ करावयाचीच झाली तर ग्रामसभेच्या धर्तीवर प्रभागसभेचा हक्क कायद्याने आधी द्यावा आणि मग गावाला शहरात बोलवावे, हा क्रम न्यायाचा ठरेल.

२०२१ मध्ये व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून ती घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले, आणि तिच्यासाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठविण्याचे ठरले. म्हणजे नवी मोजणीही जुन्याच रेषांच्या आत होणार. तीतून पणजीचा नवा आकडा निघेल, वर्तमानपत्रांत छापून येईल, शाळेतील मुले तो पाठ करतील. तो चाळीस हजारांहून थोडा खाली आला तर शहर ओस पडत आहे असे कोणी म्हणेल. समूहाचा आकडा वाढला तर शहर फुगत आहे असे दुसरा म्हणेल. दोघांनाही एकच विचारावे : हा आकडा कोणत्या रेषेच्या आतला आहे, आणि त्या रेषेबाहेर राहून पणजीच्या रस्त्यांवर दिवस काढणाऱ्यांच्या पाण्याची, कचऱ्याची आणि मताची सोय कोणाच्या वहीत लिहिली आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी एकाच वहीत सापडेल, त्या दिवशी चाळीस हजारांच्या महानगरपालिकेचे कोडे सुटेल.